शेतावरचा पाहुणा आणि आभाळाचा भरवसा

मार्गशीर्ष लागला कीं पुण्याहून सोलापूर, अहिल्यानगर अथवा नाशिक यांपैकीं कोणत्याही रस्त्यानें निघावें. थोड्या थोड्या अंतरावर 'हुरडा पार्टी' अशी पाटी दिसल्यावांचून राहत नाहीं. शहरांतील मंडळींनीं पैसे देऊन शेतावर यावें, एक रात्र राहावें, भाकरी खावी आणि परत जावें, हा व्यवहार आतां आपल्याकडे रुळला आहे. श्री. पांडुरंग तावरे यांनीं २००५ मध्यें बारामतीच्या बाजूस या उद्योगास हात घातला, तेव्हां पुष्कळांस तें खूळ वाटलें असावें. पुढें २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें कृषि-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि आज अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे रीतसर होते. आपल्या संघाच्या सभासदांपैकींही कित्येकांनीं दोन-चार खोल्या बांधल्या आहेत व आणखी कित्येक बांधण्याच्या विचारांत आहेत. या सर्वांस उद्देशून चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें.

पाहुणे ठेवूं नयेत असें माझें म्हणणें नाहीं. मी स्वतः ठेवतों, आणि दुष्काळाच्या सालीं त्या उत्पन्नानें माझ्या घरास हात दिला आहे. माझा आक्षेप आहे तो आपण पाहुण्यांस जो शब्द देतों त्यावर. हल्लीं ज्यास 'पॅकेज' म्हणतात त्या जाहिराती वाचून पाहाव्या. अमुक तारखेस हुरडा, अमुक तारखेस काजवे, अमुक तारखेस भातलावणी, असें तीन-तीन महिने आधीं छापून विसार घेतलेला असतो. जणूं जोंधळा, काजवा आणि मृगाचा पाऊस हे तिघे आपल्या घरचे गडी असून हांक मारतांच ओ देतात! पिकाचा आणि आभाळाचा स्वभाव आपल्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? असें असून आपणच तारीख छापतों. शहरच्या मनुष्यानें फसावें हें एक वेळ समजूं शकतें. शेतकऱ्यानें स्वतःस फसवावें हें समजत नाहीं.

प्रथम हुरड्याचेंच घेऊं, कारण बहुतेकांचा धंदा त्यावरच उभा आहे. रब्बी ज्वारीची पेर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते, आणि दाणा दुधांतून निघून पुरता कठीण होण्यापूर्वींची जी मऊ अवस्था, तीच हुरड्याची. पेरणीपासून सुमारें तीन महिन्यांनीं ती येते. परंतु एका ताटावर ती फार तर आठवडाभर टिकते. थंडी कडक पडली तर दाणा सावकाश भरतो व हुरडा लांबतो. ऊन तापलें तर दोन दिवसांत दाणा टणक होतो आणि आगटींत कितीही भाजला तरी तो हुरडा होत नाहीं, लाह्यांचा भाऊ होतो. म्हणजे ज्यानें एकाच दिवशीं सगळें रान पेरलें, त्याचा हुरडा एका शनिवारापुरता. आणि पाटी मात्र दोन महिन्यांची. मग बाकीच्या शनिवारीं पाहुण्यांच्या पानांत काय पडतें, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

यास उपाय आहे आणि तो पेरणींतच आहे. हुरड्याचें रान तीन-चार तुकड्यांत, आठ-दहा दिवसांच्या अंतरानें पेरावें. वाण वेगवेगळे घ्यावे. गूळभेंडी, सुरती, कुचकुची हे जुने वाण आहेतच. राहुरीच्या कृषि विद्यापीठाचे फुले उत्तरा व फुले मधुर, तसेंच परभणीचा परभणी वसंत, हे खास हुरड्याकरितां काढलेले वाण आहेत. मालदांडी भाकरीस उत्तम, कडब्यास उत्तम. हुरड्याकरितां तिचा आग्रह धरूं नये. एका माणसास किती कणसें लागतात हें कोणाच्या सांगण्यावर न ठेवतां आपल्याच वाणाचीं चार कणसें भाजून, चोळून, तोलून पाहावें, आणि त्यावरून रानाची व पाहुण्यांची संख्या बसवावी. हा हिशेब कागदावर मांडणारे शेतकरी मला फार थोडे भेटले. खोल्यांच्या फरशीचा रंग मात्र सगळ्यांनीं विचारपूर्वक निवडलेला असतो.

परंतु तुकड्यांनीं पेरूनही आभाळ आपल्या हातीं येत नाहीं. २०२१ च्या डिसेंबरांतील पहिल्या दोन दिवसांचा अवकाळी पाऊस वाचकांच्या स्मरणांत असेलच. जुन्नर-आंबेगावच्या बाजूस त्या पावसांत व गारठ्यांत मेंढ्या दगावल्या होत्या. त्या सालीं डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून मीं पाहुणे ठरवून ठेवले होते व विसारही घेतला होता. पावसानें व वाऱ्यानें माझी पहिली तुकडी आडवी झाली. दुसरी उभी राहिली, पण ढगाळ हवेनें तिजवर मावा पडून पानें चिकट्यानें काळीं पडलीं, आणि दाणा दुधांतच अडकून बसला. पाहुणे तर येणार. तेव्हां मीं जें केलें तें लिहितांना आजही संकोच वाटतो. दुसऱ्या तालुक्यांतून आदल्या दिवशीं तोडलेलीं कणसें विकत आणविलीं आणि तीं माझ्या आगटींत भाजून वाढलीं. मंडळी खुशींत होती. त्यांत मंगळवेढ्याकडे बालपण गेलेल्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांनीं टोपलींतलें एक कणीस उचलून पाहिलें, रानांतल्या ताटाकडे पाहिलें आणि हळूच विचारलें, "दादा, हीं कणसें तुमच्या रानांतलीं नव्हेत ना?" मी कांहीं तरी बोललों. त्या पुढें बोलल्या नाहींत, पैसेही परत मागितले नाहींत. पुढल्या सालीं त्या मंडळींपैकीं कोणी आलें नाहीं, आणि न येण्याचें कारण मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

त्या दिवसापासून मीं जो रिवाज ठेवला आहे तो सांगतों. मी तारीख देत नाहीं, पंधरवडा देतों. आणि पाहुण्यांकडून दोन तारखा लिहून घेतों, एक पसंतीची व एक राखीव. विसाराच्या पावतीवरच स्पष्ट लिहितों कीं पीक तयार नसल्यास किंवा पाऊस लागल्यास यजमान स्वतः कळवील, आणि तेव्हां राखीव तारखेस यावें अथवा सबंध विसार परत न्यावा, ही निवड पाहुण्याची. भारतीय हवामान खात्याचा पांच दिवसांचा अंदाज आतां प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो, आणि जिल्ह्याचा कृषि-हवामान सल्ला दर मंगळवारीं व शुक्रवारीं निघतो. मंगळवारचा सल्ला वाचून मी रानांत जातों, पांच ठिकाणचीं कणसें दाबून पाहतों, आणि त्याच सायंकाळीं शनिवारच्या मंडळींस निरोप पाठवितों. शुक्रवारीं तो पुन्हा पक्का करतों. निरोपांत जें आहे तेंच सांगतों: "दाणा अजून दुधांत आहे, आठ दिवसांनीं आलांत तर बरें." असा निरोप गेल्यानें पाहुणा तुटेल अशी मला भीति होती. अनुभव उलट आला. शहरच्या माणसांस वाट पाहण्याचें कारण सांगितलें तर तीं वाट पाहतात. किंबहुना पिकाची वाट पाहावी लागते ही गोष्ट त्यांच्या मुलांस प्रथमच कळते.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो. नोकरदारास सुटी महिनाभर आधीं काढावी लागते, मुलांच्या परीक्षा असतात, गाडी ठरवावी लागते. त्यानें तुमच्या दाण्याकडे डोळे लावून कसें बसावें? आक्षेप खरा आहे. म्हणूनच राखीव तारीख नुसती लिहून भागत नाहीं, ती देतां आली पाहिजे. हुरड्याच्या हंगामांत धरून चालावे तर आठ शनिवार मिळतात. आठही शनिवार भरून टाकले तर पहिल्याच पावसानें सारी उतरंड कोसळते, कारण सरकवण्यास जागाच उरत नाहीं. माझ्या मतें चारांत एक शनिवार मोकळा ठेवावा. हें ऐकून एका स्नेह्यानें मला वेड्यांत काढलें; चौथा हिस्सा उत्पन्न सोडतां काय, म्हणाले. परंतु आपण विहिरीच्या पाण्याचा हिशेब करतांना उन्हाळ्यासाठीं राखून ठेवतोंच कीं नाहीं? आणि हवा चांगली राहिली तर तो मोकळा शनिवारही ऐन वेळीं भरतो. त्या दिवशीं येणारे बहुधा जवळपासचे, थोडक्यांत समाधान मानणारे असे असतात.

हुरड्यापेक्षांही अवघड प्रकरण काजव्यांचें. अकोले तालुक्यांत भंडारदरा, पुरुषवाडी या बाजूस मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांच्या झुंडी लुकलुकतात, आणि तें पाहण्यास मुंबई-पुण्याकडील हजारों माणसें जातात. वळवाच्या सरींनीं हवेंत ओल आली कीं हा देखावा रंगतो, आणि मोसमी पाऊस जोरानें लागला कीं ओसरतो. आतां मोसमी पावसाची चाल पाहा. मुंबईस त्याची नेहमींची तारीख ११ जून धरतात. २०२३ सालीं तो तेथें २५ जूनला पोंचला, आणि २०२५ सालीं २६ मेलाच येऊन दाखल झाला. दोन वर्षांच्या अंतरानें एक महिन्याचा फरक! अशा सालांत 'जूनचा पहिला शनिवार, काजवा महोत्सव' असें फेब्रुवारींत छापणाऱ्यास काय म्हणावें? त्या भागांतील आपल्या बांधवांस माझी विनंती आहे कीं त्यांनीं काजवे विकूंच नयेत. रानांतली एक रात्र, नाचणीची भाकरी, करवंदें-जांभळें आणि वाटाड्याची सोबत, एवढेंच मोल सांगावें. काजवे दिसले तर तें देवाचें देणें. दुसरें असें कीं काजव्यांचें लुकलुकणें हें नर-मादीचें परस्परांस बोलावणें आहे. मोटारीचे दिवे व विजेऱ्या त्यांवर पाडल्या कीं तें बोलावणें मोडतें, आणि अंडींच घातलीं गेलीं नाहींत तर पुढल्या सालीं दाखवावयाचें काय? वनखात्यानें रात्रीच्या वेळेचे निर्बंध घातले आहेत, त्यांविरुद्ध कुरकुर ऐकूं येते. माझ्या मतें ते आपल्याच हिताचे आहेत.

या बाबतींत साताऱ्याजवळील कासच्या पठाराचें उदाहरण घेण्यासारखें आहे. २०१२ मध्यें पश्चिम घाटांतील जीं ३९ ठिकाणें जागतिक वारशांत गेलीं त्यांत कास आहे. तेथील फुलांचा बहर ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि तोही पाऊस-उन्हाच्या फेऱ्यावर अवलंबून. तेथें दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालून आगाऊ नोंदणी ठेवली आहे. मर्यादा पाळली जाते कीं नाहीं यावर वाद होऊं शकेल. परंतु जागेस किती माणूस झेपतो हा प्रश्न तेथें निदान विचारला गेला. आपल्या मळ्यांत तो कोण विचारतो? आणि मळ्यापेक्षां चुलीपाशीं तो आधीं विचारला पाहिजे. साठ पाहुणे आले म्हणजे दोन वेळां मिळून दोन-अडीचशें भाकऱ्या होतात. त्या पाटीवाला थापीत नाहीं; घरांतली सून, तिची सासू आणि शेजारच्या दोघी थापतात, आणि रविवारीं रात्रीं पैशांचें मोजमाप ओटीवर होतें तेव्हां त्या भांडीं घांशीत असतात. चुलीपाशीं बसणाऱ्या हातांनीं 'इतक्या' म्हणून सांगावें, तेवढेच पाहुणे घ्यावे, आणि त्या हातांची मजुरी विसारांतून प्रथम बाजूस काढावी. माझ्या घरीं ही संख्या चोवीस आहे. ती माझ्या पत्नीनें ठरविली, मीं नव्हे. मी चाळीस म्हणत होतों.

पावसाळी पाहुण्यांविषयीं मात्र अधिक गांभीर्यानें लिहिलें पाहिजे. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील ओढ्यांत एकाच कुटुंबांतील पांच जणें वाहून गेलीं. १५ जून २०२५ रोजीं मावळांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला व चार माणसें दगावलीं. दोन्ही दिवस रविवारच होते. हीं माणसें आपल्या घरीं उतरलेलीं नव्हतीं म्हणून आपण सुटलों असें समजूं नये, उद्यां उतरतील. आपल्या ओढ्यास वरच्या डोंगरांत पाऊस पडला असतां किती वेळांत पाणी येतें हें आपल्यास ठाऊक असतें, पाहुण्यास नसतें. तो वर निरभ्र आभाळ पाहून मुलांना पाण्यांत सोडतो. अशा वेळीं 'पाहुण्यांस कसें अडवावें' असा संकोच करणें म्हणजे यजमानधर्म विसरणें होय. ज्या दिवशीं हवामान खात्याचा नारिंगी किंवा तांबडा इशारा असेल त्या दिवशीं पाहुणा घेऊंच नये, विसार मुकाट्यानें परत करावा. वैशाखांत व परतीच्या पावसांत विजांचें भय असतें. मेघगर्जना ऐकूं येतांच झाडाखालून व उघड्या तंबूंतून सर्वांस पक्क्या घरांत आणावें. विजेचा इशारा देणारें 'दामिनी' म्हणून सरकारी ॲप आहे, तें यजमानाच्या मोबाईलवर असावेंच. शेतांत तंबू ठोकण्याची जी नवी हौस निघाली आहे ती मला तरी पसंत नाहीं. निदान वळवाच्या दिवसांत तिला फांटा द्यावा.

भातलावणीचाही एक प्रकार निघाला आहे. मावळ, मुळशी, इगतपुरीकडे आषाढांत शहरचीं मंडळी चिखलांत उतरून लावणी करतात. मुलांस मौज वाटते आणि भात कसा येतो हेंही कळतें, हें चांगलेंच. परंतु रोप तयार झालें, पाणी सांचलें, चिखलणी झाली, कीं लावणी त्याच दिवशीं झाली पाहिजे. रविवारच्या पाहुण्यांकरितां बुधवारचा चिखल कोणी राखून ठेवीत असेल तर तो धंदा शेताच्या मुळावर येत आहे असें समजावें. बांधालगतचें एक लहान खाचर पाहुण्यांचें म्हणून वेगळें ठेवावें, आणि त्यांनीं केलेली लावणी दुसऱ्या दिवशीं निमूटपणें नीट करून घ्यावी. पाऊस नसेल तर त्या दिवशीं लावणी नाहीं असें सांगावें. टँकरचें पाणी सोडून चिखल करणारा एक महाभाग माझ्या पाहण्यांत आहे. त्याविषयीं न लिहिलेलेंच बरें.

मग पाऊस लागला आणि पाहुणा तर घरीं येऊन बसला, तर करावें काय? येथेंच पुष्कळांची तारांबळ उडते. दूरचित्रवाणी लावून देतात, किंवा कर्णा लावून नाचगाणें सुरू करतात. वास्तविक पावसाच्या दिवशीं शेतकऱ्याचें घर रिकामें नसतें. बी निवडणें, दोर वळणें, विळे-खुरपीं पारजणें, जात्यावर दळणें, ताक घुसळणें, गोठ्यांतली वैरण, हीं कामें त्या दिवशीं आपण करतोंच. तींच पाहुण्यांस दाखवावीं व करूं द्यावीं. माझ्या घरीं मीं साधें पर्जन्यमापक बसविलें आहे. सकाळीं साडेआठ वाजतां किती मिलिमीटर पाऊस झाला हें मुलांस मोजावयास लावतों, आणि मागील सालांच्या वहींत त्याच तारखेस किती होता तें वाचून दाखवितों. त्या वहीवरून आमच्या आजवरच्या दुष्काळांची व अतिवृष्टीची गोष्ट निघते, आणि दोन तास कसे जातात हें कळत नाहीं. यास खर्च कांहींच नाहीं. फक्त हें सर्व आधीं योजून ठेवलें पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर सुचत नाहीं.

द्राक्षांच्या व आंब्यांच्या बागांविषयीं मी लिहीत नाहीं, कारण मला तो अनुभव नाहीं. परंतु मे २०२१ मधील तौक्ते वादळानें रत्नागिरी-सिंधुदुर्गांत ऐन हंगामांत आंब्याची काय दशा केली, आणि नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशकाकडे गारांनीं द्राक्षांचें काय झालें, हें पाहतां तेथील बागाईतदारांसही वरील राखीव तारखेचा विचार उपयोगी पडेल असें वाटतें.

शेवटीं संघापुढें एक सूचना ठेवतों. एकाच तालुक्यांत एकाचा हुरडा तयार असतो आणि दुसऱ्याचा दुधांत असतो. एकाकडे पाऊस झालेला असतो, पांच मैलांवर दुसऱ्याचें रान कोरडें असतें. आज आपण एकमेकांचे पाहुणे पळवितों. त्याऐवजीं संघाच्या कचेरींत एक सामाईक वही असावी. तींत प्रत्येक सभासदाचा वाण, तुकडीवार पेरणीच्या तारखा, घरांत झेपणाऱ्या माणसांची संख्या आणि मोकळे शनिवार लिहिलेले असावे. माझें पीक बसलें तर मी पाहुण्यास उघड सांगून तयार रान असलेल्या सभासदाकडे पाठवीन, व उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा तो मला न देतां पुढल्या वेळीं असाच उपकार फेडील. कणसें इकडून तिकडे नेण्यापेक्षां पाहुणे नेणें बरें. येत्या सर्वसाधारण सभेंत हा ठराव मी मांडणार आहें. ज्या सभासदांस वहींत नांव घालावयाचें असेल त्यांनीं आपल्या पेरणीच्या तारखा दसऱ्यानंतर आठ दिवसांच्या आंत चिटणिसांकडे पोंचत्या कराव्या.